सीपॅप लावल्यावर सेंट्रल अ‍ॅप्निया दिसायला लागला? आधी हे बघा, मग मशीनला हात लावा

मला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार. त्यासाठी घेतलेलं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, घरी येऊन नववा दिवस होता. घोरणं बंद झालेलं, बायको खूश, आणि मी सकाळी उठून मशीनच्या छोट्या स्क्रीनवर बघतो तर एएचआय १७. म्हणजे तासाला १७ वेळा श्वास थांबतोय नाहीतर अर्धवट होतोय, तेही मशीन लावून! ज्याने मशीन आणून बसवलं त्याला फोन केला तर म्हणाला काका प्रेशर कमी पडतंय, वाढवून देतो. वाढवून दिलं. दुसऱ्या दिवशी २३.

तेव्हा कुठे मी आकड्याच्या खाली काय लिहिलंय ते बघितलं. २३ पैकी १९ 'सेंट्रल' होते. ज्या आजारासाठी मशीन घेतलं तो जवळपास गेला होता, आणि त्याच्या जागी दुसराच पाहुणा येऊन बसला होता.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, साताऱ्यात सॅनिटरीवेअरचं दुकान आहे माझं. पण ह्या पाहुण्याच्या मागे मी सात आठवडे होतो, पुण्याच्या चार फेऱ्या झाल्या, आणि मराठीत ह्यावर नीट काही सापडेना म्हणून क्रमाने लिहितोय. कुणाला मशीन नवीन लागलं असेल आणि आकडे विचित्र दिसत असतील तर उपयोग होईल.

आधी दोन अ‍ॅप्निया वेगळे करून घ्या

ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घशाचा रस्ता बंद. मेंदू सांगतोय श्वास घे, छाती-पोट जीव तोडून ओढतंय, पण हवा आत जात नाही. सेंट्रलमध्ये रस्ता उघडा असतो, मेंदूच काही सेकंद हुकूम द्यायचा विसरतो, त्यामुळे छातीही हलत नाही. दोन्हीत १० सेकंद किंवा जास्त श्वास थांबला तर तो मोजला जातो.

माझ्या बायकोने हा फरक कुठल्याही रिपोर्टच्या आधी सांगितला होता. म्हणाली, "पूर्वी तुम्ही घोरताघोरता अडकायचात तेव्हा पोट नुसतं वरखाली व्हायचं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. आता तसं काहीच नाही. एकदम शांत. मी हात लावून बघते छातीला, काही हलत नाही, आणि मग आपोआप हळूच सुरू होतं." हे निरीक्षण डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वहिनींनी अर्धं निदान केलंय.

सुरुवातीच्या तपासणीत बहुतेक अडथळ्याचेच प्रकार होते, मशीनने ते गेले, आणि मशीनवर असताना सेंट्रल प्रकार तासाला ५ किंवा जास्त, शिवाय उरलेल्या एकूण प्रकारांत निम्मे किंवा जास्त सेंट्रलच, असं असेल तर त्याला ट्रीटमेंट-इमर्जंट सेंट्रल स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ह्याला कॉम्प्लेक्स स्लीप अ‍ॅप्निया नाव दिलं होतं, तेही अजून ऐकू येतं. आत्ताचं लांबलचक नाव २०१४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आलं. एक अट मात्र महत्त्वाची आहे, की हार्ट फेल्युअर, अफूजन्य औषधं असं दुसरं कारण सापडलं तर मग नाव वेगळं आणि उपाय पण वेगळा. म्हणून खालच्या पायऱ्यांमधल्या औषधांच्या आणि हार्टच्या पायऱ्या गाळू नका.

असं का होतं? इथे जरा थांबतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे

लहानपणी विहिरीत पोहायला जायचो तेव्हा मोठी पोरं बुडी मारायच्या आधी भराभर दहा-वीस श्वास घ्यायची, जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून. आम्हाला वाटायचं छातीत हवा साठवतायत. खरं म्हणजे भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, आणि श्वास घ्यायची जी तळमळ असते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे असते. तो कमी झाला की तळमळच नाही. (ही युक्ती जीवघेणी आहे, पोरं पाण्यात बेशुद्ध पडतात, करू नका आणि करू देऊ नका.)

जागेपणी आपण काहीही झालं तरी श्वास घेत राहतो. झोपेत मात्र, खासकरून स्वप्नं नसलेल्या झोपेत, सगळी भिस्त त्या कार्बन डायऑक्साइडवर असते. त्याला एक उंबरठा असतो. झोपेतल्या नेहमीच्या पातळीपेक्षा तो साधारण २ ते ६ मिलिमीटरच (पाऱ्याचे, बीपी मोजतात तसे) खाली असतो, म्हणजे फार अंतर नाही. पातळी त्या उंबरठ्याखाली गेली की मेंदू म्हणतो, सध्या श्वासाची गरज नाही, आणि गप्प बसतो. मग कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू दचकतो, जोरात श्वास घ्यायला लावतो, पुन्हा तो फेकला जातो, पुन्हा गप्प.

आता माझ्या धंद्यातलं उदाहरण. गॅस गीझर गच्चीवर आणि बाथरूम खाली. नळ फिरवला, पाणी गारच, म्हणून अजून फिरवला, आणि मग एकदम उकळतं पाणी अंगावर, म्हणून घाईने उलटा फिरवला की पुन्हा गार. दोष कुणाचा? एक तर तुम्ही नळ गरजेपेक्षा जास्त फिरवता, दुसरं पाइप लांब आहे म्हणून बातमी उशिरा येते. श्वासाचं अगदी असंच आहे. काही लोकांचा मेंदू कार्बन डायऑक्साइडच्या छोट्याशा बदलाला मोठं उत्तर देतो, तो जास्त फिरवलेला नळ. आणि हार्ट कमजोर असेल तर फुप्फुसातलं रक्त मेंदूपर्यंत उशिरा पोचतं, तो लांब पाइप. डॉक्टर लोक ह्या सगळ्याला लूप गेन म्हणतात.

ही सवय माझ्यात आधीपासून असणार, पण घसाच बंद पडत होता तोवर ती झाकलेली होती. मशीनने रस्ता मोकळा केला, हवा सहज जायला लागली, कार्बन डायऑक्साइड पटापट धुतला जायला लागला आणि नळाचा खेळ सुरू झाला. त्यात मास्क लीक होत असेल तर मास्कमध्ये साठलेली सोडलेली हवा पण उडून जाते, म्हणजे अजून धुलाई. प्रेशर जास्त असेल तर फुप्फुसं ताणली जातात आणि ताणलेली फुप्फुसं मेंदूला 'पुरे' असा निरोप देतात. आणि नव्या मास्कमुळे रात्रभर झोप मोडत असेल तर प्रत्येक जाग-झोपेच्या सीमेवर पातळी डळमळते.

मशीनच वाईट असा निष्कर्ष मात्र काढू नका. सीपॅप १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा पाच पेशंटवर वापरून छापलं. त्याच्या आधी ह्या आजारावर गळ्याला भोक पाडायची ट्रॅकिओस्टॉमी हा उपाय होता, आणि ती केलेल्या पेशंटमध्येही रस्ता मोकळा झाल्यावर सेंट्रल दिसलेले आहेत. रस्ता कशानेही उघडा, ज्याच्यात ती सवय आहे त्याच्यात हे दिसू शकतं.

पायरी १: जुना स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट शोधा

फाइलमध्ये कुठेतरी असेल. त्यात एकूण एएचआय बघू नका, तो पाठ असतोच. ऑब्स्ट्रक्टिव्ह किती, सेंट्रल किती, मिक्स्ड (आधी सेंट्रल, मग अडथळा) किती, हे बघा. माझे एकूण ४६ होते, त्यात सेंट्रल तासाला २. म्हणजे माझे सेंट्रल खरंच नंतर आलेले. तुमच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये सेंट्रल निम्म्याहून जास्त असतील तर हा लेख तुमचा नाही, तो मुळातूनच सेंट्रल आजार आहे आणि त्याची चौकशी वेगळी.

अजून एक बघा, स्टडी कशी झाली. एकाच रात्री अर्धी तपासणी आणि अर्धं मशीन लावून प्रेशर ठरवणं, अशी स्प्लिट नाइट असेल तर सेंट्रल जास्त दिसायची शक्यता असते, कारण वेळ कमी, झोप मोडलेली आणि प्रेशर भराभर चढवलेलं. अशा एका रात्रीच्या रिपोर्टवरून महागडं मशीन गळ्यात मारून घेऊ नका. आणि घरी करायच्या छोट्या टेस्टमध्ये मेंदूच्या तारा नसतात, तिथे झोप लागली होती का हेच कळत नाही.

पायरी २: मशीनमधला खरा डेटा काढा

मोबाइलच्या अ‍ॅपवर हसरा चेहरा आणि १०० पैकी मार्क मिळतात. मला २३ एएचआय असताना ८० च्या वर मार्क होते, कारण तास पूर्ण भरले होते! त्यामुळे अ‍ॅपवर जाऊ नका. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये स्लीप रिपोर्टचा सविस्तर मेनू डीलरला चालू करायला सांगा, म्हणजे रोज सकाळी सेंट्रलचा आकडा वेगळा दिसतो. बऱ्याच मशीनमध्ये बाजूला एसडी कार्डची खाच असते, कार्ड नसेल तर साधं टाकून घ्या, कारण श्वासाचा सविस्तर ग्राफ त्यावरच साठतो. कार्ड कॉम्प्युटरला लावून ऑस्कर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतं. माझ्या भाच्याने बसवून दिलं, दहा मिनिटांचं काम. कार्ड कॉम्प्युटरला लावायच्या आधी त्याचं छोटं लॉक सरकवून घ्या, नाहीतर कॉम्प्युटर त्यावर काहीतरी लिहून ठेवतो आणि मशीन कुरकुर करतं.

मशीनला कसं कळतं की रस्ता उघडा आहे? श्वास थांबून काही सेकंद झाले की मशीन हवेचे बारीक हेलकावे सोडतं आणि ते कसे परत येतात ते बघतं. उघड्या पाइपमध्ये फुंकणं आणि बूच लावलेल्या पाइपमध्ये फुंकणं ह्यातला फरक. उघडा वाटला तर 'क्लिअर एअरवे' म्हणून नोंद, त्यालाच आपण सेंट्रल म्हणतोय. युक्ती चांगली आहे, पण हे मशीन छाती हलते का बघत नाही आणि तुम्ही झोपलाय का जागे ते तर त्याला अजिबात माहीत नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी ३: खोटे सेंट्रल गाळा

कूस बदलताना आपण श्वास धरतो. रात्री बाथरूमला जाऊन आल्यावर मास्क लावून छताकडे बघत पडलो की श्वास वेडावाकडा असतो. झोप लागता लागता दोन-चार लांब थांबे येणं तर कुणालाही होतं. मशीन हे सगळं मोजतं. ग्राफमध्ये थांब्याच्या अगदी आधी मोठा आडवातिडवा श्वास दिसला, किंवा सगळे थांबे रात्री ११ ते ११:३० आणि पहाटे ५ नंतरच असतील, तर त्यातले बरेच सोडून द्या.

खरे सेंट्रल वेगळे दिसतात. श्वास हळूहळू मोठा होतो, हळूहळू लहान होतो, मग सपाट रेघ, मग पुन्हा तसंच. ओळीने मासे वाळत घातल्यासारखा ग्राफ दिसतो. माझा असा पट्टा रात्री १ ते २:३० च्या मध्ये होता, उताणं झोपल्यावर जास्त. एका माशापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद जातात ते पण मोजा. अर्ध्या मिनिटाच्या आसपास असेल तर तो नळ फिरवण्याचा प्रकार, पाऊण मिनिट ते दीड मिनिट असं लांब असेल तर लांब पाइपची शंका, म्हणजे हार्टची. हे घरी बसून निदान करायला सांगत नाहीये, पण ग्राफचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवायला काय जातंय.

पायरी ४: लीक

कंटाळवाणी पायरी, पण बऱ्याचदा खोट इथेच निघते. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर लीक म्हणजे मोठी लीक समजतात, तेवढ्या लीकमध्ये मशीनचे आकडेही विश्वासाचे राहत नाहीत. माझी लीक मिशीमुळे होती. नाकावरचा मास्क नेमका मिशीवर टेकतो आणि साताऱ्याची मिशी काय असते ते तुम्हाला माहितीये. चार दिवस पट्टे आवळून बघितले, नाकावर वळ उठले, शेवटी मिशीला कात्री लावली. बायकोला फार आनंद झाला, मला नाही.

पट्टा आवळणं हा उपाय नाही हे लक्षात ठेवा. साइज बघा, सिलिकॉनची उशी रोज साध्या साबणाने धुवा (चेहऱ्याच्या तेलाने ती सरकते), तोंड उघडं राहत असेल तर नाकाचं बघा, चोंदलेलं असेल तर ह्युमिडिफायर वाढवा, तरी नाही जमलं तर तोंडासकट झाकणारा मास्क. सुरुवातीचे दहा दिवस दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा, म्हणजे रात्री झोप कमी मोडते. झोप कमी मोडली की सेंट्रल पण कमी होतात.

पायरी ५: प्रेशर. इथेच बहुतेक जण फसतात

आकडा वाढला की प्रेशर वाढवायचं, हा अडथळ्याच्या अ‍ॅप्नियाचा हिशोब आहे. रस्ता बंद असेल तर जोर लावा, बरोबर. पण रस्ता उघडाच आहे आणि मेंदूच गप्प बसलाय, तिथे जोर लावून काय होणार? धुलाई वाढणार. माझ्या बाबतीत तेच झालं, किमान प्रेशर ४ वरून १० केलं आणि सेंट्रल १३ चे १९ झाले. बसवणाऱ्याचा राग आला होता, पण त्याला कुणी शिकवलंच नसेल, तो फक्त मोठा आकडा बघत होता.

माझं मशीन ऑटो, म्हणजे गरजेप्रमाणे स्वतःच प्रेशर कमीजास्त करणारं होतं आणि ४ ते २० असं मोकळं सोडलेलं होतं. डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. एक, रेंज ७ ते ११ मध्ये बांधून टाकली, म्हणजे मशीनला रात्रभर चढउतार करायला जागाच कमी. दुसरं, ईपीआर ३ वरून १ वर आणलं. ईपीआर म्हणजे श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवायची सोय, रेसमेडमध्ये १, २, ३ अशा टप्प्यात असते. आरामाचं वाटतं, पण आत घेताना जास्त आणि सोडताना कमी असा फरक पडला की मशीन छोट्या बायपॅपसारखं वागतं, श्वास मोठा होतो आणि काही लोकांत कार्बन डायऑक्साइड अजून खाली जातो. कमी केल्यावर पहिल्या दोन रात्री श्वास सोडायला जड गेलं, मग सवय झाली.

हे दोन्ही बदल डॉक्टरांना विचारून करा. प्रेशर फार उतरवलं तर घसा परत बंद पडायला लागतो, मग सेंट्रल कमी झाल्याचा आनंद फुकट. आणि काहीही बदल केला तर एकावेळी एकच, निदान पाच-सहा रात्री त्यावर थांबा. रोज एक खटका फिरवणाऱ्याला कशाने काय झालं ते कधीच कळत नाही, मी केलंय ते म्हणून सांगतो.

पायरी ६: औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर उलटी करा

सगळी. मॉर्फिन, मेथाडोन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल असली अफूच्या जातीची वेदनाशामकं श्वासाच्या केंद्रालाच मंद करतात. पाठदुखीसाठी ऑर्थोवाल्याने दिलेली ट्रॅमाडॉलची गोळी झोपेच्या डॉक्टरला सांगायची असते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन हेही त्या यादीत येतं. आणि आपल्याकडे अँजिओप्लास्टीनंतर देतात ते टिकाग्रेलोर, त्यानेही काही पेशंटमध्ये सेंट्रल अ‍ॅप्निया झाल्याची नोंद आहे.

पण हे वाचून टिकाग्रेलोर परस्पर बंद केलंत तर स्टेंट बंद पडून हार्ट अटॅक येऊ शकतो. बदलायचं का, कशाने बदलायचं हे फक्त कार्डिऑलॉजिस्टने ठरवायचं.

पायरी ७: टू-डी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी

माझं वय ५४, शुगर नाही, बीपीची एक गोळी. तरी डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच ईसीजी आणि टू-डी इको सांगितला. मला वाटलं उगाच खर्च. नंतर कारण कळलं, ते पायरी ९ मध्ये येतंय. हार्टचं पंपिंग कमी असणं, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोके अनियमित असणं, पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असणं, किडनीचा जुना आजार, ह्या सगळ्यांत सेंट्रल अ‍ॅप्निया दिसतो, आणि कधीकधी हार्टच्या त्रासाची पहिली खूण मशीनच्या ग्राफमध्येच दिसते. माझा इको नॉर्मल आला, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हार्ट किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ६०. एवढ्या एका आकड्याने पुढचे सगळे निर्णय सोपे झाले.

पायरी ८: थांबा, पण मोजत थांबा

अमेरिकेतल्या मशीनच्या डेटावरून २०१७ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, १ लाख ३३ हजारांच्या वर पेशंट. त्यातल्या ३.५ टक्के लोकांत मशीनवर सेंट्रल दिसले. झोपेच्या लॅबमधल्या अभ्यासांत हे प्रमाण जास्त सापडतं, पण ते एका रात्रीचं. त्या ३.५ टक्क्यांपैकी साधारण ५५ टक्के लोकांचे सेंट्रल पहिल्या आठवड्यात होते आणि तेराव्या आठवड्यापर्यंत गेले, काही विशेष न करता. २५ टक्क्यांचे राहिले. आणि उरलेल्या २० टक्क्यांचे सुरुवातीला नव्हतेच, नंतर आले! म्हणून पहिल्या महिन्यात सगळं छान आहे म्हणून आकडे बघायचं सोडू नका, तिसऱ्या महिन्यात परत एकदा बघा. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना सेंट्रल होते ते मशीन सोडून द्यायची शक्यता जास्त होती. साहजिक आहे, एवढे पैसे घालून सकाळी थकवा तसाच असेल तर कोण लावेल.

मी दुकानाच्या जुन्या वहीत रोज एक ओळ लिहायचो. तारीख, तास, एकूण, सेंट्रल, लीक, आणि सकाळी कसं वाटलं ते एका शब्दात. सेटिंग बदलल्यावर सेंट्रलची आठवड्याची सरासरी १९ वरून ११ झाली, तिसऱ्या आठवड्यात ८, मधे एका लग्नाच्या जागरणानंतर दोन रात्री परत १५, आणि सातव्या आठवड्यात ३. एका रात्रीच्या आकड्यावर हसू नका, रडू नका, आठवड्याची सरासरी बघा. कुशीवर झोपल्याचाही फायदा झाला, पाठीमागे लोड ठेवून.

थांबायचं नसतं ते कधी? पायावर सूज, आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा रात्री ऑक्सिजन बराच वेळ ८८ टक्क्यांच्या खाली राहतोय असं दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. आणि दिवसा डुलक्या येत असतील तर गाडी चालवू नका. मशीन घ्यायच्या आधी मी आनेवाडी टोलनाक्यावर रांगेत स्टिअरिंगवर झोपलो होतो, मागच्याने हॉर्न मारून उठवलं. तीच झोप खंबाटकी घाटात लागली असती तर हा लेख लिहायला मी नसतो.

पायरी ९: दोन-तीन महिन्यांनंतरही गेले नाहीत तर

मग लॅबमध्ये रात्रभराची पूर्ण स्टडी, मशीन लावून. त्यात छाती-पोटाचे पट्टे, मेंदूच्या तारा सगळं असतं, खरे खोटे तिथे कळतात. त्यानंतरचे पर्याय डॉक्टर सांगतील, तुम्हाला त्यांची नावं माहीत असावीत एवढ्यासाठी लिहितो.

बायपॅप म्हटलं की लोकांना सीपॅपचा मोठा भाऊ वाटतो, पण साधा बायपॅप, जो फक्त तुमच्या श्वासामागे चालतो, तो इथे उलट सेंट्रल वाढवू शकतो. बॅकअप रेट असलेला लागतो, म्हणजे तुम्ही श्वास घेतला नाही तर मशीन स्वतः देतं. दुकानदार बायपॅप घ्या म्हणाला तर पहिला प्रश्न हाच विचारा, बॅकअप रेट आहे का.

दुसरं एएसव्ही. हे मशीन प्रत्येक श्वास मोजतं आणि कमी पडला तर भर घालतं, जास्त झाला तर हात आखडता घेतं, म्हणजे नळ फिरवणारा हुशार माणूस. २०१४ च्या एका अभ्यासात ६६ पेशंटना निम्मे-निम्मे सीपॅप आणि एएसव्हीवर ठेवलं, तीन महिन्यांनी एएसव्हीवाल्यांत जवळपास ९० टक्के आणि सीपॅपवाल्यांत ६५ टक्क्यांच्या आसपास लोकांचे आकडे ताब्यात आले. दोन्ही आकडे बघा हं, साध्या सीपॅपवरही दोन तृतीयांश लोक सुटले. एएसव्हीची किंमत सीपॅपच्या कित्येक पट असते, त्यामुळे आधी महिनाभर भाड्याने मिळतं का ते विचारा.

आणि आता तो इको. २०१५ साली सर्व्ह-एचएफ नावाचा अभ्यास आला, १,३२५ पेशंट, सगळ्यांचं हार्ट फेल्युअर आणि इजेक्शन फ्रॅक्शन ४५ किंवा कमी, अ‍ॅप्निया मुख्यतः सेंट्रल. एएसव्हीने आकडे सुंदर झाले, पण हार्टमुळे मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी वाढला. सगळ्यांना धक्का बसला. २०२४ मध्ये अ‍ॅडव्हेंट-एचएफ ह्या ७३१ पेशंटच्या दुसऱ्या अभ्यासात, वेगळ्या पद्धतीच्या एएसव्हीने, तसा तोटा दिसला नाही, पण आयुष्य वाढल्याचाही फायदा दिसला नाही. तर इको न बघता कुणी एएसव्ही देत असेल तर उठून या. माझ्यासारखं पंपिंग नॉर्मल असेल तर ही भीती लागू नाही.

रात्री थोडा ऑक्सिजन, किंवा अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी हेही काही जणांत वापरतात. मास्कला जादा नळी जोडून सोडलेल्या हवेचा थोडा भाग परत आत घ्यायचा असाही प्रकार लॅबमध्ये करतात, त्यामागचं तत्त्व तुम्हाला आता कळलंच असेल. पण मास्कची भोकं टेपने बुजवून तो घरी करायला जाऊ नका, लाइट गेली तर गुदमराल.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

जुना स्लीप रिपोर्ट, एसडी कार्ड (किंवा एका चांगल्या आणि एका वाईट रात्रीचा ग्राफ मोबाइलवर), वही, सगळ्या औषधांची पिशवी, इको झाला असेल तर तो, मास्क सोबत. आणि शक्य असेल तर शेजारी झोपणारं माणूस. पहिल्या भेटीला मी एकटा गेलो होतो आणि अर्ध्या प्रश्नांना "बायकोला विचारून सांगतो" असं उत्तर देत होतो.

जाता जाता, उंचावर जाणाऱ्यांसाठी

सगळं बसल्यावर आम्ही लेहला गेलो. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, तिथे विरळ हवेमुळे माणूस आपोआप जास्त श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि धडधाकट माणसालाही झोपेत सेंट्रल थांबे येतात. माझे तिथल्या पहिल्या रात्री २६ झाले. आधी विचारून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही, डॉक्टरांनी डायमॉक्स, म्हणजे तेच अ‍ॅसिटाझोलामाइड, लिहून दिलेलं होतं (सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा). शिवाय माझ्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये ते साधारण २,६०० मीटरपर्यंतच चालवायचं असं लिहिलंय, त्याच्या वर प्रेशर आणि आकडे बरोबर असतीलच असं नाही, तुमच्या मशीनचं जायच्या आधी बघून घ्या. तिथल्या पाच रात्रींच्या ओळी मी वहीत वेगळ्या चौकटीत लिहिल्या आणि सेटिंगला हात लावला नाही. साताऱ्यात परत आल्यावर तिसऱ्या रात्री सेंट्रल ४ होते.